वजाबाकी आपोआप, बेरीज अर्जावर

साडीच्या दुकानातली जुनी पिशवी मावशींनी आमच्या ओट्यावर उपडी केली. केशरी रेशनकार्ड, त्याला नातवाच्या वहीचं खाकी कव्हर. लॅमिनेट केलेलं आधार, कडेने सुटलेलं; झेरॉक्स काढली की फोटोच्या जागी काळा ठिपका येतो. नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्याच्या तीन प्रती. लाइटबिल, तेही घरमालकाच्या नावावरचं. पासबुकातली शेवटची नोंद सात महिन्यांपूर्वीची. छोट्या पाकिटात उरलेले दोन पासपोर्ट फोटो. आणि कुठल्याशा एजंटाचा मोबाइल नंबर लिहिलेला वहीच्या पानाचा तुकडा.

"ताई, ह्यातलं काय लागतंय ते तुम्हीच बघा," मावशी म्हणाल्या. "मला नुसतं सांगितलं, वय झालं तुमचं, पैसे बंद."

पैसे म्हणजे लाडकी बहीण योजनेचे 1,500 रुपये. मावशींना 65 पूर्ण झाली आणि योजनेचं दार लागलं. आता काय, हे सांगणारं कोणी नव्हतं. पुढचे मुद्दे त्या पिशवीतूनच निघाले आहेत.

1. रक्कम एक, दारं दोन

लाडकी बहीणचा शासन निर्णय 2024 च्या जूनअखेर निघाला. जुलैभर अर्ज भरून झाले आणि रक्षाबंधनाच्या आधी दोन महिन्यांचे मिळून 3,000 रुपये खात्यांत पडायला लागले. सात आठवडे. गावोगावच्या अंगणवाडी सेविकांनी अर्ज भरून घेतले. पिवळं किंवा केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलासुद्धा नको, असं सरकारने स्वतःच ठरवलं. निवडणूक तोंडावर होती हे शेंबडं पोरही सांगेल, पण इथे माझा मुद्दा तो नाही. ठरवलं तर याच यंत्रणेला, याच कर्मचाऱ्यांना घेऊन गरिबाच्या उंबऱ्यापर्यंत जाता येतं, एवढं त्यातून सिद्ध झालं.

आता दुसरं दार. 65 नंतरच्या निराधार वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना आहे. तीही महिना 1,500 रुपयेच देते. तिच्यासाठी मात्र तहसील कचेरी गाठायची. वयाचा पुरावा, महाराष्ट्रात 15 वर्षं राहिल्याचा पुरावा, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत असल्याचा दाखला. मग अर्ज तालुका समितीपुढे जाणार. समितीची बैठक कधी? "लागली की कळवू." समितीचा अध्यक्ष हा राजकीय नेमणुकीचा माणूस. नेमणुका रखडल्या की बैठका रखडतात, आणि बैठकीची वाट पाहता पाहता म्हातारं माणूस उन्हाळा काढतं, पावसाळाही काढतं.

बाई तीच, आधार तेच, बँकेचं खातंही तेच. चौसष्टाव्या वर्षी सरकार तिच्या दारात आलं होतं. पासष्टाव्या वर्षी तिने सरकारचं दार शोधायचं.

2. नाव कमी करायला अर्ज लागत नाही

2025 च्या सुरुवातीला महिला व बालविकास मंत्र्यांनी लाडकी बहीणमधून वगळलेल्यांचे आकडे जाहीर केले. त्यात वयाची 65 वर्षं ओलांडलेल्या 1 लाख 10 हजार महिला होत्या. म्हणजे कोणाचं वय किती, हे सरकारच्या संगणकाला ठाऊक आहे. ज्या ओळीत "अपात्र" लिहिलं, त्याच ओळीत "श्रावणबाळसाठी पात्र असू शकते, संपर्क साधा" असं लिहायला किती खर्च आला असता? 1 लाख 10 हजारांपैकी किती जणींना दुसऱ्या दारापर्यंत पोचवलं, हा आकडा त्याच दिवशी, त्याच पत्रकात छापून यायला हवा होता.

मावशींच्या नवऱ्याचंही असंच झालं. तो सेंट्रिंगच्या कामावर होता. मृत्यूच्या दाखल्यावर वय 57. घरातला कर्ता माणूस 18 ते 59 वयात गेला आणि कुटुंबाचं नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत असलं, तर राष्ट्रीय कुटुंबलाभ योजनेतून एकरकमी 20,000 रुपये मिळतात. आपलं नाव त्या यादीत आहे की नाही, हे मावशींना तेव्हा माहीत नव्हतं, आजही नाही. त्यांना अशी योजना असते हेच मुळात माझ्या ओट्यावर कळलं. मृत्यूची नोंद झाली होती, दाखला निघाला होता. रेशनकार्डावर नवऱ्याच्या नावावर लाल शाईची रेघ महिन्याभरात पडली होती आणि एका माणसाचं धान्य कमी झालं होतं. म्हणजे खबर तर पोचली होती. ती पोचल्यावर काय करायचं, याची सरकारी पद्धत एकतर्फी आहे: वजाबाकी आपोआप होते, बेरजेसाठी अर्ज करावा लागतो.

मृत्यूची नोंद करणाऱ्या ग्रामपंचायतीने किंवा पालिकेने, मृताचं वय 60 च्या आत असेल तर त्याच टेबलावर या योजनेचा अर्ज पुढे करावा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरे.

3. एकवीस हजारांचा दाखला

इथे जरा थांबते, कारण सगळ्या दुखण्याचं मूळ या आकड्यात आहे.

संजय गांधी निराधार अनुदान योजना अंतुले मुख्यमंत्री असताना, 1980 मध्ये सुरू झाली. अनुदानाची रक्कम वाढत वाढत 2023 मध्ये 1,500 वर आली, ते बरंच झालं. पण तिला आणि श्रावणबाळला वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची 21,000 ची मर्यादा चिकटून राहिली आहे. (दिव्यांगांना 50,000 पर्यंत सूट आहे.) 21,000 म्हणजे महिन्याला 1,750 आणि दिवसाला साडेसत्तावन्न रुपये, तेही अख्ख्या कुटुंबाचे. घरात पाच माणसं धरा. माणशी साडेअकरा रुपये. आमच्या एसटी स्टँडवर एवढ्यात एक चहा येतो, वडा नाही.

आता हाच आकडा सरकारच्याच दुसऱ्या आकड्याशेजारी ठेवू. 2025-26 साठी केंद्राने महाराष्ट्राला ठरवून दिलेली रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये. मजूर 67 दिवस कामावर गेला तर 20,904 होतात, तोवर तो गरीब. अडुसष्टाव्या दिवशी त्याने फावडं उचललं की तो 21,216 वर जातो आणि सरकारी व्याख्येतून बाहेर पडतो. 2005 च्या केंद्रीय कायद्याने घराला वर्षाला 100 दिवसांच्या कामाची हमी दिली होती. ती हमी पुरी केली तर 31,200 होतात. म्हणजे एका खात्याने आपलं वचन पाळलं तर दुसरं खातं म्हातारीची पेन्शन नाकारणार!

मग लोक काय करतात? सगळ्यांना माहीत असलेलं, कोणी न लिहिलेलं काम करतात. "एकवीसचा दाखला" काढतात. तलाठ्यांना (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, काम तेच) ठाऊक असतं की आकडा खोटा आहे, तहसीलमधल्या कारकुनाला ठाऊक असतं, अर्जदाराला तर असतंच. चांगला अधिकारी डोळेझाक करतो, वाईट अधिकारी डोळेझाकीचे पैसे घेतो आणि फार प्रामाणिक अधिकारी आला की तालुक्यातले निम्मे म्हातारे लटकतात. खरं बोलणाऱ्याला जी योजना मिळूच शकत नाही, तिच्यातला खोटेपणा अर्जदाराच्या माथी कसा मारायचा?

मावशींना हे खोटं जमेना. मुलगा भाड्याच्या टेम्पोवर आहे. "पोराच्या कमाईत एकवीस हजार दोन महिन्यांत होत्यात," त्या म्हणाल्या, "मग वर्साचे एकवीस म्हणून अंगठा कसा लावू?" एजंटाकडे यावर उपाय तयार होता: कार्ड वेगळं करा. मावशींचं विभक्त रेशनकार्ड, त्यावर एकटं नाव, उत्पन्न आपसूक खाली. चूल एकच राहणार, कार्डं दोन. गावात अशी वेगळी केलेली म्हातारी माणसं किती निघतील, ती मोजायला जाऊ नये. पण मावशींना त्यातली अडचण वेगळीच दिसली. "सुनेला खरंच वाटायचं की मी वेगळी झाले," असं म्हणून त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

वृद्धांसाठी ही मर्यादा निदान लाडकी बहीणच्या बरोबरीने, म्हणजे अडीच लाखांवर न्यावी. पंचेचाळिशीच्या बाईचं कुटुंब अडीच लाखांपर्यंत गरजू ठरतं आणि सत्तरीच्या आजीचं एकवीस हजारांच्या पुढे ठरत नाही, याचं समर्थन मला मंत्रालयातल्या कुठल्याही मजल्यावरून ऐकायला आवडेल.

4. एकाच घराला किती फुटपट्ट्या

मावशींचं घर एकच आहे. प्राधान्य कुटुंबाचं धान्य ठरवताना मर्यादा ग्रामीण भागात 44,000, शहरात 59,000. केशरी कार्डाला 1 लाख. धर्मादाय रुग्णालयात मोफत उपचारांना 1 लाख 80 हजार. लाडकी बहीणला अडीच लाख. श्रावणबाळला 21,000. प्रत्येक खात्याची फुटपट्टी निराळी, आणि मोजायचा दोरा मात्र दर वेळी गरिबानेच आणायचा. मी पदवीधर आहे, सरकारी पत्रकं वाचायची सवय आहे, तरी हे आकडे जुळवायला मला तीन संध्याकाळी लागल्या.

5. इष्टांक

रेशन दुकानात हा शब्द हमखास कानावर पडतो. कार्ड आहे, पण "ऑनलाइन नाही". ऑनलाइन का नाही? "इष्टांक संपला." इष्टांक म्हणजे ठरवून दिलेली कमाल संख्या. 2013 च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे 7 कोटी माणसं आली, ग्रामीण भागातली 76.32 टक्के आणि शहरी भागातली 45.34 टक्के. हिशेब 2011 च्या जनगणनेवर. 2021 ची जनगणना झाली नाही, त्यामुळे आकडा गोठला. आज पात्र ठरलेल्या घराला आत घ्यायचं तर कोणाचं तरी नाव आधी निघावं लागतं. दुकानदाराला याचा दोष देऊ नये. त्याच्या मशिनमध्ये नाव नसेल तर तो काय करणार?

यात एक चांगली गोष्टही झाली आहे, तीही सांगायला हवी. एक देश एक रेशनकार्ड ही सोय आल्यापासून बीडचं ऊसतोड कुटुंब सांगली-कोल्हापूरकडे तोडीला गेलं तरी तिथल्या दुकानात अंगठा लावून धान्य उचलू शकतं. फडावरच्या किती टोळ्यांना हे कोणी सांगितलं आहे, हा प्रश्न आहे. कारखान्याच्या गेटवर टोळीची नोंद होते, तिथे एक पाटी लावायला काय हरकत आहे?

6. दवाखान्यात पाटी असते, पण कुठे?

दोन वर्षांपूर्वी मावशींच्या जावयाला पोटाच्या ऑपरेशनसाठी शहरातल्या एका धर्मादाय रुग्णालयात नेलं. व्याजाने पैसे काढून बिल भरलं. व्याज अजून चालू आहे. मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 41अअ खाली चालणाऱ्या योजनेनुसार अशा रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. बिलांच्या रकमेतले 2 टक्के निर्धन रुग्ण निधीत जातात. सवलतीची उत्पन्नमर्यादा 3 लाख 60 हजारांपर्यंत आहे. तातडीच्या रुग्णाकडून अनामत मागायची नाही. टेम्पोवाल्याच्या मेहुण्याचं कुटुंब यात बसलं असतं. त्यांना हे बिल भरताना कोणी सांगितलं नाही, आणि विचारावं हे त्यांना सुचलं नाही, कारण विचारायला आधी माहीत असावं लागतं.

मी नंतर त्याच रुग्णालयात सहज म्हणून पाटी शोधायला गेले. पाटी होती. तळमजल्यावर, लिफ्टच्या मागे, पाणी पिण्याच्या नळाशेजारी. ती दाखल होण्याच्या खिडकीवर, बिलाच्या खिडकीवर आणि बिलाच्या कागदावर हवी. पाच ओळींत, मोठ्या अक्षरात.

7. भाषा

"विहित नमुन्यातील परिपूर्ण प्रस्ताव सक्षम प्राधिकाऱ्याकडे सादर केल्यास अनुज्ञेय लाभ देय राहील." हे वाक्य मी बनवलं आहे, पण तुम्हाला खोटं वाटलं नसेल. "पूर्ण भरलेला अर्ज तहसीलदारांकडे द्या, पैसे मिळतील" असं लिहिलं तर शासनाचा कुठला दर्जा घसरतो?

8. एजंटाबद्दल चार चांगले शब्द

त्याला शिव्या घालणं सोपं आहे. तहसीलच्या आवाराबाहेर लिंबाखाली टेबल टाकून बसलेल्या त्या माणसाला कुठला कागद कुठल्या टेबलावर जातो, कुठला साहेब रजेवर आहे, समितीची बैठक कधी लागणार, हे सगळं माहीत असतं. तो मावशींशी "या आजी, बसा" म्हणून बोलतो. आतला माणूस मान वर करत नाही. जी माहिती फुकट मिळायला हवी ती त्याच्याकडे विकत मिळते, हा दोष त्याचा कमी आणि आतल्या खिडकीचा जास्त. सेतू केंद्रं याच कामासाठी निघाली होती. नाव सेतू ठेवलं, पुलावर टोल आलाच. प्रत्येक केंद्राबाहेर प्रत्येक दाखल्याचा सरकारी दर दिसेल असा लावणं आणि तो न लावणाऱ्याचा परवाना थांबवणं, ही कामं जिल्हाधिकारी उद्या करू शकतात.

9. योजनेकडून घराकडे नको, घराकडून योजनेकडे

केरळने 2021 मध्ये उलट दिशेने सुरुवात केली. आधी घरं शोधली. प्रभागवार चर्चा करून अतिगरीब अशी 64,006 कुटुंबं नक्की केली आणि प्रत्येक घरासाठी वेगळा आराखडा बनवला: कोणाला रेशनकार्ड नाही, कोणाला औषध हवं, कोणाला छप्पर. योजना जुन्याच होत्या, त्या घरापर्यंत आणायची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थेवर टाकली. राजस्थानने 2019 मध्ये जनसूचना पोर्टल उघडलं. कुठल्या गावात कोणाला काय मिळतं, हे तिथे कोणालाही मागितल्याशिवाय पाहता येतं.

महाराष्ट्र मोठा आहे, हे मान्य. पण आपल्याकडे अंगणवाडी सेविका आहेत, आशा आहेत, रेशनकार्डांची नोंद आहे, आधार आहे. ग्रामपंचायतीत आणि वॉर्ड ऑफिसात एक माणूस नेमावा, ज्याचं काम एवढंच: पिशवी उपडी करून घेणं आणि या घराला काय काय लागू आहे ते एका कागदावर लिहून देणं. त्या कागदावर त्याची सही हवी. सहीशिवाय जबाबदारी येत नाही. 2023 मध्ये "शासन आपल्या दारी" झालं, त्यात मांडव मोठे होते आणि लोकांना बसमध्ये भरून मांडवापर्यंत आणलं होतं. दार कोणाचं, हा तपशील तेवढा राहून गेला.

यावर एक आक्षेप येतो आणि तो पोकळ नाही. घरोघरी वाटायला निघालं की फुकटे घुसतात. लाडकी बहीणचंच बघा: घाईत अर्ज घेतले आणि 2025 च्या जुलैत सुमारे 26 लाख लाभार्थी अपात्र दिसत असल्याचं सरकारनेच सांगितलं. तिजोरी काही अक्षयपात्र नाही. पण चुका दोन तऱ्हेच्या असतात. चुकीच्या माणसाला पैसे गेले तर छाननीत सापडतात, त्याची बातमी होते, वसुली निघते. योग्य माणसाला मिळालेच नाहीत तर ते कुठल्याच छाननीत दिसत नाही, कारण ज्याने अर्जच केला नाही त्याची फाइल नसते. पहिली चूक पकडायला आपल्याकडे ई-केवायसी आहे. दुसरी पकडायला काय आहे?

10. तोवर

मागणी मान्य होईपर्यंत मावशींनी थांबायचं नाही. रोजगार हमीच्या जुन्या कार्यकर्त्यांकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. काम मागताना नमुना 4 भरायचा आणि लगेच नमुना 5 ची तारीखवार पोच मागायची, कारण पोच असली तरच 15 दिवसांत काम, नाहीतर बेकारभत्ता. 1972 च्या दुष्काळातून उभ्या राहिलेल्या त्या योजनेने मजुराच्या हातात तारीख दिली. 2015 चा लोकसेवा हक्क अधिनियम तेच इतरांच्या हातात देतो. उत्पन्नाचा दाखला ही त्यातली सेवा आहे आणि मुदत 15 दिवस. मुदत टळली की पहिलं अपील, मग दुसरं, मग आयोग. चुकणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो.

आम्ही मावशींच्या उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज खऱ्या आकड्यासह भरला. मुलाची कमाई लिहिली, कार्ड वेगळं केलं नाही. अर्ज घेणारा मुलगा आकडा पाहून म्हणाला, "ह्यावर श्रावणबाळ होणार नाही, आजी. उगाच दाखल्याचे पैसे घालवताय." मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, नाही झालं तर नामंजुरीचं कारण लेखी द्या. त्याने खांदे उडवले आणि पोच छापून दिली. तिच्यावरच्या तारखेपासून आज नववा दिवस आहे.